आधी नाडी, मग घड्याळ



हल्ली मैदानावर एक गोष्ट नेहमी दिसते. मूल धावून येतं आणि आधी मनगटावरच्या स्मार्ट घड्याळात हृदयाचे ठोके बघतं. १९० दिसले की घाबरतं, ९० दिसले की आणखी जोरात पळतं. दोन्ही वेळा आकडा चुकीचा असू शकतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: घड्याळावर विश्वास ठेवण्याआधी मुलांना स्वतःची नाडी मोजायला शिकवा.

घड्याळ का चुकतं? त्याच्या मागचा हिरवा प्रकाश त्वचेत जातो. प्रत्येक ठोक्याबरोबर तिथलं रक्त कमी-जास्त होतं, तसा परत येणारा प्रकाश बदलतो. त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. पट्टा सैल असेल तर घड्याळ हलतं, बाहेरचा उजेड आत शिरतो. कधी कधी ते पावलांची लयच ठोके समजतं! थंडीत त्वचेतला रक्तप्रवाह कमी झाला तरी गडबड होते.

उपाय साधे आहेत. घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटं वर बांधा. घसरू नये, पण रुतूही नये. मागची बाजू पुसून घ्या. सुरुवातीला थोडं चालून अंग गरम करा. छातीवर बांधायचा पट्टा व्यायामात जास्त भरवशाचा, कारण तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. फक्त बांधण्याआधी त्याचा आतला भाग ओला करा.

आणि पडताळा? थांबल्या थांबल्या, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट ठेवा. अंगठा नको, त्यातही नाडी जाणवते. १५ सेकंदांत ३५ ठोके, गुणिले ४, म्हणजे मिनिटाला १४०. उशीर केलात तर ठोके उतरलेले असतील. मोजताना एक ठोका चुकला तर उत्तरात चारचा फरक पडतो. विज्ञान, गणित आणि खेळ, तिन्ही एकाच तासात!

काही जण म्हणतील, यंत्र असताना एवढा खटाटोप कशाला? कारण यंत्र कधी चुकतंय हे ओळखणं, हेच तर शिक्षण. आणि एक गोष्ट मुलांना नक्की सांगा: चक्कर आली, छातीत दुखलं किंवा श्वास पुरेना झाला, तर आकडा काहीही असो, थांबायचं आणि लगेच मोठ्यांना सांगायचं.