हरितगृहांतील पिवळें पान

मावळांतील हरितगृहांतून पुण्याच्या गुलटेकडी बाजारांत जरबेरा व गुलाब धाडणाऱ्या आमच्या बागायतदार बंधूंत एक घातक रीत पडत आहे. पान पिवळें दिसलें कीं ते युरिया वाढवितात. ही रीत सोडावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पिवळेपणा प्रथम कोणत्या पानावर आला, तें पाहावें. खालचीं जुनीं पानें सरसकट पिवळीं पडलीं तर नत्राची उणीव संभवते. त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहिल्या तर मॅग्नेशियमची. तसाच हिरव्या शिरांचा पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आला तर लोहाची उणीव समजावी. पुष्कळदां लोह मातींत असतें, पण विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यानें सामू चढून तें मुळांस मिळत नाहीं. तेथें युरिया काय करणार? चिलेटेड लोह द्यावें व ठिबकाच्या द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ राखावा. पुण्यांत सरकारी माती-परीक्षण प्रयोगशाळा असतां अंदाजानें पोतीं कां फोडावीं?

शिवाय दोष खताचाच असतो असेंहि नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून आम्हीं स्वतः तीन आठवडे खत ओतलें. अखेर पान उलटून भिंगानें पाहिलें, तों खालीं लाल कोळी! तोंवर निम्मे गादीवाफे हातचे गेले होते.