वेताळाला वारस हवा

व्हॅम्पायर आणि लांडग्याचे रूप घेणारी माणसे यांच्याशी झुंजणाऱ्या अमेरिकी कादंबऱ्यांतील नायिका तरुण वाचकांना भुरळ घालतात, म्हणून नाके मुरडण्याचे कारण नाही. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांच्या ‘मून कॉल्ड’ (२००६) मधील मर्सी थॉम्प्सन मोटारदुरुस्ती करून स्वाभिमानाने जगते. तिची रूपांतराची शक्ती मात्र युरोपीय दंतकथांतून आलेली नाही. तो तिच्या मूलनिवासी पित्याचा वारसा आहे. लेखिकेला नायिकेचे वेगळेपण त्या भूमीच्याच परंपरेत सापडले.

मग आपल्याकडे काय उणे आहे? ११व्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त वेताळकथा गुंफल्या. १८७० मध्ये रिचर्ड बर्टनने त्या इंग्रजीत नेताना वेताळाला ‘व्हॅम्पायर’ ठरविले. वस्तुतः विक्रमाच्या खांद्यावरील वेताळ रक्त मागत नाही. तो न्यायाचे प्रश्न विचारतो. गोव्यात तर तो ग्रामरक्षक देव आहे.

महिषासुरमर्दिनीला पुजणाऱ्या समाजाला पराक्रमी नायिकेचे नवल ते काय! मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर वेताळाच्या प्रश्नांना सामोरी जाणारी नायिका मराठी लेखकांनी उभी करावी. परंपरा केवळ अभिमानाने टिकत नाही. प्रत्येक पिढीला ती नव्याने लिहावी लागते.