गोड्या पाण्याचा खारट हिशेब

भूजलाच्या बेसुमार उपशाने गाळाच्या भूमीवरील जकार्ता खचत आहे. रत्नागिरीचा जांभा व त्याखालचा काळा कातळ तसा दबणारा नव्हे. म्हणून निर्धास्त राहावे काय? येथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सच्छिद्र जांभ्यातून बराचसा समुद्राकडे निघून जातो. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याची पातळी उतरली, की खारे पाणी आत सरकते. कूपनलिकेवर पंप एकाचा, मचूळ होते विहीर शेजाऱ्याची. त्याच्या टँकरचा खर्च मात्र पंपवाल्याच्या हिशेबात कोठेच मांडला जात नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने भूमिस्वामीला उपशाची मोकळीक दिली. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने तिला वेसण घातली खरी; पण किनाऱ्यावरील विहिरींची क्षारता दर उन्हाळ्यात मोजून ग्रामसभेपुढे ठेवल्याखेरीज ती आवळणार कोण?