डोंगराचा पूर्वेतिहास विचारा

बद्रीनाथच्या वाटेवरच्या जोशीमठात जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांना भेगा पडल्या आणि अनेक कुटुंबांना राहती घरे सोडावी लागली. दरवर्षी महाराष्ट्रातूनही असंख्य यात्रेकरू या वाटेने जातात. त्यांचा रक्तदाब, साखर, ईसीजी आम्ही डॉक्टर तपासतो. ज्या डोंगरातून रस्ता जातो, त्याची तपासणीही तितकीच महत्त्वाची आहे.

सह्याद्रीत लाव्हाचे थर बहुतेक आडवे, एकावर एक बसले आहेत. खालचा जुना, वरचा नवा. हिमालयात हा हिशेब चालत नाही. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आशियाला भिडला आणि अजूनही तो उत्तरेकडे रेटा देतोच आहे. त्या रेट्याने खडकांना घड्या पडल्या, ते तुटले आणि त्यांचे अवाढव्य पट्टे दक्षिणेकडे एकमेकांवर चढले. अशा एका मोठ्या चढाईची जागा म्हणजे ‘मेन सेंट्रल थ्रस्ट’. जमिनीत जितके खोल जावे तितकी उष्णता वाढते. इथे मात्र कमी तापलेले खडक खाली, तर खोलवर ६०० अंशांहून अधिक तापमानात रूप पालटलेले खडक त्यांच्यावर. त्यातली गार्नेट, कायनाइट ही खनिजे तो सारा प्रवास सांगतात.

या चढाईत मधला खडक चिरडला गेला, त्याचे पापुद्रे सुटले. त्यात पाणी मुरते, उतार सरकतात. रेटा थांबलेला नसल्याने भूकंपही होतात. १९९१ मध्ये उत्तरकाशीने आणि १९९९ मध्ये चमोलीने ते भोगले. जोशीमठ या पट्ट्याजवळ, तेही जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे. तिथे जड बांधकामे टाळा, उतारावरचे मोठे दगड सुरुंगाने फोडू नका, असे मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगितले होते.

डोंगरात रस्ते नकोत, असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. अडलेल्या बाळंतिणीला रुग्णालय गाठायचे असते. पण शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाने ‘रुग्ण तयार नाही’ म्हटले, तर कितीही ज्येष्ठ सर्जन असला तरी थांबतो. डोंगर कापण्याआधी भूगर्भशास्त्रज्ञाच्या शब्दालाही तेवढेच वजन हवे आणि त्याचा अहवाल गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत वाचायला मिळायला हवा. अहवाल फाइलीत पडून राहिला, तरी डोंगर सरकायचा थांबत नाही.