स्कॅन नॉर्मल, तरी डोकं दुखतंय? नाटक समजू नका

अंबडला मूल दुचाकीवरून पडो की भोकरदनला कबड्डीत, सीटी स्कॅन नॉर्मल आला की पालक निर्धास्त होतात. पण स्कॅनमध्ये रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं; मेंदूला बसलेला हादरा दिसत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात जवळपास ३० टक्के मुलांना महिन्यानंतरही त्रास होता. धोका कुणाला जास्त? वय १३ वर्षं किंवा पुढे, मुली, अर्धशिशी असलेली मुलं, आणि आधीच्या माराचा त्रास आठवड्याहून जास्त टिकलेली मुलं. म्हणून दहावीतल्या मुलीची डोकेदुखी 'अभ्यासाचा कंटाळा' ठरवू नका. एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू शाळा. मैदानावर मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावरच. वारंवार उलट्या, झटके किंवा गुंगी असेल तर लगेच रुग्णालय गाठा.