चोथ्यातली साखर

बालमित्रांनो, आज आधी एक प्रयोग. भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घ्या आणि न गिळता मिनिटभर चावत राहा. हळूहळू गोडसर लागतो की नाही? आता ऊस खा. रस संपल्यावर उरलेला चोथा कितीही चावा, गोडी काही येत नाही.

गंमत अशी, की भाकरीतलं स्टार्च आणि चोथ्यातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोज या साखरेच्याच साखळ्या! फक्त कड्या जोडण्याची तऱ्हा वेगळी. आपल्या लाळेतल्या अमायलेजला स्टार्चच्या कड्या सोडवता येतात, सेल्युलोजच्या नाही.

वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, मग गाईला कडबा कसा पचतो?" अगदी मुद्द्याचा प्रश्न! गाईला तो स्वतःच्या बळावर पचतच नाही. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव सेल्युलेज तयार करतात, ते कड्या सोडवतं.

अमायलेज, सेल्युलेज हे उत्प्रेरक. उत्प्रेरक म्हणजे घाटातला बोगदा समजा. डोंगर चढायचा त्रास वाचतो, गाडी झटकन पलीकडे जाते आणि बोगदा खर्च होत नाही.

कारखान्यातही असा बोगदा काढता येतो. अमेरिकेत आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स इथे क्वेकर ओट्स कंपनीकडे ओटच्या टरफलांचे ढीग साठत. १९२२ मध्ये तिथे या टरफलांपासून फरफ्युरल हे रसायन बनू लागलं. टरफलं सौम्य गंधकाम्ल घालून वाफेवर शिजवायची. गंधकाम्ल हा इथला उत्प्रेरक. टरफलांतल्या हेमिसेल्युलोजमधून आधी झायलोज नावाची साखर सुटते. तिच्या एका रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून गेले, की उरतं फरफ्युरल. वंगणतेल शुद्ध करायला, रेझिन बनवायला ते लागतं. (लॅटिनमध्ये 'फरफर' म्हणजे कोंडा. नाव कसं चपखल!) दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांपासून आणि उसाच्या चिपाडापासूनही ते होतं.

पण गंधकाम्ल यंत्रांचं लोखंड खातं, आणि नंतर ते वेगळं काढणं म्हणजे मोठी कटकट. म्हणून शास्त्रज्ञ झिओलाइटसारखे घन उत्प्रेरक वापरून पाहतात. साखरेच्या पाण्यातून ते चहाच्या पत्तीसारखे गाळून घेता येतात. मात्र काम चालू असताना डांबरासारखा काळा चिकटाही तयार होतो आणि त्यांच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. बोगद्यात दरड कोसळावी तसंच!

आणखी एक. चिपाडाला सरसकट 'टाकाऊ' म्हणणं मला पटत नाही. आपल्या साखर कारखान्यांत तेच बॉयलरमध्ये जाळतात, त्याच्या वाफेवर कारखाना चालतो, वीजही होते. सगळं चिपाड रसायनाला दिलं, तर बॉयलरमध्ये काय घालायचं? आणि कडबा दिला, तर गाईच्या दावणीत काय?

तुमच्या घरी, शेतावर तूस, भुसा, धसकटं यांचं काय करतात? आजी-आजोबांना विचारा आणि मला लिहून कळवा.