धुके आणि दृष्टी



गेल्या मे महिन्याच्या सुटीत एका सायंकाळी शाळेच्या पडवीत चार मुलगे हमरीतुमरीवर आलेले आम्हांस दिसले. पत्त्यांचा डाव असेल म्हणून आम्ही जवळ गेलो. पाहतो तो टेबलावर चौकटी आखलेला कागद, नाना आकारांचे फासे आणि एक जाडजूड नियमग्रंथ! खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन गृहस्थांनी रचलेला हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक गडी एका काल्पनिक वीराची भूमिका घेतो, एकजण सूत्रधार होतो व यशापयश फाशावर ठरते.

भांडणाचे मूळ होते धुके. शत्रूच्या तिरंदाजांपासून सोबत्यांचे रक्षण व्हावे म्हणून थोरल्या भावाच्या मांत्रिकाने 'फॉग क्लाउड' या मंत्राने २० फूट त्रिज्येचे दाट धुके निर्माण केले. त्याच धुक्यात धाकट्याचा शिपाई घायाळ होऊन पडला. मरणाशी झुंजणाऱ्या वीरासाठी फासा टाकतात. तीनदा अपयश आले की तो मेला. धाकट्याला दोनदा अपयश आले होते. त्याला सावरणारा वैद्य धुक्याबाहेर, आणि त्याचा 'हीलिंग वर्ड' हा मंत्र तर डोळ्यांना दिसणाऱ्या माणसावरच चालतो!

"माझा वैद्य ड्वार्फ आहे, त्याला साठ फुटांपर्यंत अंधारात दिसतं!" एकाचा आग्रह. "धुक्यात नाही दिसत," सूत्रधाराचा निर्वाळा. अखेरीस ग्रंथ आमच्या हाती आला.

२०१४ सालच्या त्या आवृत्तीप्रमाणे सूत्रधाराचेच म्हणणे खरे होते. अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव. धुके म्हणजे मध्ये आलेला पडदा. आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात ज्याने गाडी हाकली आहे, त्यास हे सांगावयास नको. दिवे प्रखर करावे, तो समोरची भिंत अधिकच पांढरी होते! 'ट्रूसाइट' ही श्रेष्ठ दृष्टी अदृश्य वस्तू पाहते, मायावी देखावे ओळखते. परंतु धुके मंत्राने उपजले तरी ते खरेच धुके असल्याने तीही तेथे थबकते. मंत्राच्या काळोखातही १२० फुटांपर्यंत पाहणारी 'डेव्हिल्स साइट', म्हणजे साक्षात सैतानी दृष्टी, तीदेखील येथे हतबल! चालते ती केवळ 'ब्लाइंडसाइट', कारण ती वटवाघळाप्रमाणे डोळ्यांवर विसंबतच नाही. तीही आपल्या ठरावीक अंतरापुरतीच. ताशी १० मैलांचा वारा सुटला तर मात्र धुके पांगते.

एक गंमतही आढळली. धुक्यात दोघे एकमेकांवर वार करू लागले, तर न दिसणाऱ्या शत्रूस मारण्याची अडचण आणि आपण त्यास न दिसण्याचा लाभ ही परस्परांस छेदतात, व एकच फासा नेहमीसारखा टाकावयाचा!

वैद्यापाशी दुसरा उपाय होता. 'क्युअर वूंड्स' या मंत्रास पाहणे नको, स्पर्श पुरे. परंतु त्या एका पाळीत शिपायापर्यंत पोहोचून मंत्र म्हणणे शक्य नव्हते. धाकटा रडवेला झाला. वर्षभर जपलेला त्याचा शिपाई होता तो. थोरला बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मांत्रिकाने मनाची एकाग्रता सोडली की धुके तत्क्षणी विरते, असा नियम आहे. पण मग तिरंदाजांस सारेच दिसणार.

"मी धुकं सोडतो," तो हळूच म्हणाला.

धुके गेले, वैद्याने मंत्र उच्चारला, शिपाई उठला. आणि पुढच्याच पाळीत बाणांनी मांत्रिक कोसळला. धाकटा धावला तो त्याच्याकडेच.

वाचकहो, आपल्या घरीही आपण पुष्कळ गोष्टी मुलांच्या रक्षणासाठी म्हणून झाकून ठेवतो. कर्ज असो की दुखणे, त्यांस कळू देत नाही. हेतू चांगलाच असतो. पण त्या आडोशात आपलेच कोणी पडले आहे आणि मदतीस येणाऱ्यास ते दिसत नाही, असे तर झाले नाही ना, हे अधूनमधून पाहावे.